स्मितलच्या गाडीतला वास

स्मितलनं गाडीचं मागचं दार उघडलं, हातातला पेपर उलगडला आणि सीटवर नीट पसरला. कोपरे दाबून बसवले. मग मला म्हणाली, "बसा अक्का."

मी पेपरकडं बघितलं. कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात होती, आणि मी बरोबर त्याच्या हसऱ्या तोंडावर बसणार होते.

"हे कशाला?"

"राग मानू नका हं. सीटचं कापड अजून नवीन आहे. तुमच्या साडीला मसाला असतो ना, त्याचा वास धरून राहतो."

"मसाला हाय, शेण न्हवं."

"अहो, चांगलाच वास आहे. पण काचा बंद केल्या की माझं डोकं धरतं."

पुढच्या सीटवर आत्ती, म्हणजे आमची सासू, पदर सावरून आधीच बसल्या होत्या. त्यांच्या सीटवर पेपर नव्हता. त्यांनी मान वळवून एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत समोर बघायला लागल्या. मी बसले. बाजार येईपर्यंत मी जरा हलले की तो पेपर चुरचुरायचा, आणि चुरचुरला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ती गाडी विकूनही आता बरीच वर्षं झाली. आत्ती तर त्याच्याही आधी गेल्या. पण तो पेपर अजून माझ्या कानात वाजतो.

आमची गडहिंग्लजला चटणी कांडायची गिरण. संक्रांत झाली की हंगाम सुरू होतो तो पाऊस तोंडावर येईपर्यंत. बायका मिरची, धणे, खोबरं भाजून डबे घेऊन येतात, रांगेत बसतात, आणि मशीनवर आम्ही नवराबायको. चार महिने शिंका आणि डोळ्याला पाणी. केस धुवा, साडी बदला, तो वास जात नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या वासातच राहिले, त्यामुळं मला तो येतही नव्हता. येतो हे स्मितलनं सांगितलं तेव्हा कळलं.

स्मितल माझी धाकटी जाऊ. माझ्या दिराची, सर्जेरावाची बायको. कोल्हापूरची, शिकलेली, पतसंस्थेत नोकरीला. वागायला वाईट नव्हती, हे आधीच सांगते. हसून बोलायची, सणाला पुरणाला हात लावायची. पण लग्नाला पुरती तीन वर्षं झाली नाहीत तोवर स्वतःच्या पगारावर कर्ज काढून तिनं पांढरी गाडी दारात आणली, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

गाडी असण्याचं मला एवढं नव्हतं. ती चालवायची कशी, त्याचं होतं. आमचा बोळ इतका अरुंद की म्हैस आणि माणूस एकदम जात नाहीत. त्या बोळातून ही पोरगी गाडी उलटी काढायची. एक हात स्टेअरिंगवर, मान मागं, ओढणी वाऱ्यावर. कट्ट्यावर बसलेले बाप्ये पाय आत घ्यायचे. मला उभ्या आयुष्यात कुणी पाय आत घेऊन वाट दिली नव्हती. मी डबे घेऊन जायची तेव्हा म्हणायचे, "वैनी, जरा बाजूनं."

गाडी आली दिवाळीच्या पाडव्याला. सर्जेरावानं हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. चारी चाकांना हळदकुंकू लागलं. सगळे पेढ्याकडं वळले, तेवढ्यात आत्ती म्हणाल्या, "आन् पाचवं?"

"कुठलं पाचवं?" सर्जेरावानं विचारलं.

"डिकीत चाक हाय न्हवं येक? अडीनडीला त्येच कामाला येतंय. त्येला कुक्कू नगं? ते काय पोरकं हाय?"

सगळे हसले. पण आत्तींनी हट्टच धरला. सर्जेरावानं बिचाऱ्यानं डिकीतला गालिचा उचलला, बोल्ट फिरवून स्टेपनी बाहेर काढली. आत्ती तिथंच डिकीशी वाकून कितीतरी वेळ काहीबाही पुसत बसल्या. मग चाकाला कुंकू लावलं आणि ते परत आत बसलं. मी स्मितलच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "बरं हाय बाई तुझं."

ती हसली. तिला वाटलं, मी कौतुक केलं.

त्याच संध्याकाळी तिनं आत्तींना पुढं बसवून गावातून फिरवून आणलं. आल्यावर आत्ती नुसत्या खांबाला टेकून बसल्या. मी पाणी दिलं. तांब्या हातात धरून म्हणाल्या, "पोरगी वाघीण हाय." माझ्या इतक्या वर्षांच्या संसारात मला त्यांनी शेळीसुद्धा म्हटलं नव्हतं.

तर, वास.

तो सुरू झाला चैत्रात, उन्हं तापायला लागल्यावर. आधी गटाराजवळून गेल्यासारखा. काच वर केली तरी तो आतच, मग कळलं की गटार आतच आहे. आठवड्याभरात दार उघडलं की माणूस एक पाऊल मागं सरायचा. हंगाम ऐन भरात होता, मी डोक्यापासून पायापर्यंत लाल. स्मितलनं दोन आणि दोन चार केले.

"अक्का, गेल्या बुधवारी तुम्ही डबे घेऊन बसला होता ना मागं? त्यातलं तेल-बिल सांडलं असेल. लसूण कुजतो."

"डब्याला झाकण हुतं. आन् लसूण आसा वासतोय व्हय? हे काय तरी मेल्यालं हाय."

"काही मेलेलं नाही, मी सीटखाली बघितलं. मसाला आणि घाम एकत्र झाला की असं होतं म्हणे. पतसंस्थेतल्या मॅडम सांगत होत्या."

म्हणजे तिच्या पतसंस्थेत माझ्या घामाची चर्चा झाली होती.

खरं सांगते, वास सुरू झाला तेव्हा पहिले दोन दिवस मला गार वाटलं होतं. ती नाकाला ओढणी लावून दारात उतरायची आणि मी मशीनवरून बघायची. म्हटलं, भोग. पण तो वास माझ्या नावावर जमा व्हायला लागला तेव्हा गारवा संपला. आणि नेमकं त्याच वेळी माहेराहून बोलावणं आलं. धाकट्या भावाला दुसरा मुलगा झाला होता, बारसं माझ्या माहेरीच होतं, आणि मी आत्या. आत्याशिवाय नाव कोण ठेवणार?

माहेर आजऱ्याच्या वाटेवर. तिथं माझी थोरली वहिनी आहे, वत्सलावहिनी. लग्नापासून मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा ती दारात उभी राहून एकच विचारायची, "येष्टीनंच आलीस व्हय?" तिचे भाऊ जीपमधून यायचे. मी पिशव्या सावरत, फाट्यापासून चालत, धुळीनं भरलेली. मी "व्हय" म्हणायची आणि ती "बरं बरं" म्हणून आत वळायची. त्या "बरं बरं"ची मला जन्माची चीड.

गाडी आली त्या दिवसापासून मी मनात मांडे खात होते. एकदा, फक्त एकदा, त्या गाडीतून वत्सलावहिनीच्या समोर उतरायचं. आणि स्मितल आपणहून म्हणाली होती, "बारशाला मीच नेते की तुम्हाला. आत्ती पण येतील."

बारसं आठवड्यावर आलं तेव्हा ती गिरणीच्या दारात आली. आत आली नाही.

"अक्का, असं करू या का? तुम्ही एसटीनं सकाळी पुढं जा. मी आत्तींना घेऊन मागनं येते. या वासात अजून भर नको. आणि बाळाच्या घरी जायचं, बरं नाही दिसत."

"म्हणजे मी नसले की वास येणार न्हाई?"

"तसं नाही हो…"

"तसंच हाय. सरळ सांग की."

मी मशीन बंद केली आणि हात पुसत बाहेर आले.

"तुझ्या गाडीतला वास मी काढते," मी म्हणाले. "निघाला तर मला न्यायचं. आन् न्हाई निघाला तर मी येष्टीनं जाती, पुन्ना तुझ्या गाडीत पाय ठेवणार न्हाई."

तिनं चावी माझ्या हातात दिली. तिलाही वासाचा कंटाळा आलाच होता.

रविवारी मी गिरण नवऱ्यावर सोडली. गाडी बोळाच्या तोंडाशी उन्हात लावून घेतली, चारी दारं सताड उघडी टाकली. पायपुसणी काढून रिठ्याच्या पाण्यात घासली आणि कुंपणावर वाळत टाकली. सीटवर खायचा सोडा चोळला, तासाभरानं ब्रशनं झाडला. सीटच्या फटीत हात घातला तर शेंगदाणे, हेअरपिना आणि सर्जेरावाचं सुपारीचं पुडकं निघालं. लिंबाच्या फोडींनी दारांच्या आतली बाजू पुसली. इस्त्रीवाल्याकडनं कोळसे आणून ताटलीत ठेवले. एवढं करून दारं लावली, पाच मिनिटांनी उघडली. वास होताच. आता त्याला लिंबू लावल्यासारखा झाला होता.

मग ऊद जाळला. गाडीतून धूर निघायला लागला तसे कट्ट्यावरचे बाप्ये उठून उभे राहिले. मग कापूर. मग गॅरेजवाल्या बाळूला बोलावलं. त्यानं एसीच्या जाळीतून एक वाळकं पान काढलं आणि मोठा शोध लावल्यासारखं मला दाखवलं.

आत्ती उंबऱ्यात बसून सगळं बघत होत्या. एरवी तोंड मिटत नाही अशी बाई, पण त्या दिवशी एक शब्द नाही. मध्येच म्हणाल्या, "कशाला येवढा कुटाणा? वासच हाय, जाईल वाऱ्यानं."

"जाईल तवा जाईल. तवर बोलणं मी खाती," मी म्हणाले.

बाळूनं डिकी उघडली, गालिचा उचलला, स्टेपनीवर अंगठा दाबला. "हवा बरी हाय," म्हणाला. तो आणखी वाकतो न वाकतो तोच आत्ती ओरडल्या, "बाळू, च्या गार व्हायला लागलाय रं! पी आदी!" बाळूनं गालिचा टाकला आणि चहाकडं गेला. परत आला तेव्हा त्याला दुसरं गिऱ्हाईक आठवलं.

संध्याकाळी स्मितलनं आरशाला गुलाबाच्या वासाचा कागद लटकवला. आता गाडीत देऊळ, दवाखाना आणि लग्नाचा मांडव एकदमच आले. त्याच्या खाली कुठंतरी तो वास होताच, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात नाक लावून शोधावा लागला.

"बऱ्यापैकी गेला की अक्का!" स्मितल म्हणाली. "चला, सगळेच जाऊ."

बारशाच्या दिवशी मी शिकेकाईनं न्हाले. ट्रंकेतली जांभळी इरकल काढली, जिनं गिरण कधी बघितली नव्हती. गाडीशी आले. स्मितलनं मागचं दार उघडलं, माझ्याकडं बघून हसली, आणि तोच हसऱ्या पुढाऱ्याचा पेपर पसरला.

मी पेपरवर बसले. बोलले असते तर जाणंच राहिलं असतं.

गावाबाहेर पडेपर्यंत बरं होतं. मग ऊन चढलं, स्मितलनं काचा लावून एसी सुरू केला, आणि तो आला. गुलाबाला बाजूला सारून आला. मग स्मितलनं डाव्या हातानं ओढणी नाकाशी नेली. आरशातून मागं बघितलं.

"अक्का, पिशवीत काय आहे?"

"बाळाचं झबलं आन् टोपडं."

"चटणीचा डबा घेतला होता ना?"

"त्यो डिकीत हाय. झाकणाला कणीक लावून बंद केलाय."

"तरीच," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, पण मला ऐकू आलं.

"तरीच काय?"

"काही नाही."

"गाडी थांबव."

"अक्का, अहो…"

"थांबव म्हणते न्हवं! मी उतरते. येष्टी यील मागनं. तुमी दोघी जावा वास न घेता."

"शालन, गप बस," आत्ती पुढं बघतच म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. मला वाटलं, मोठ्या सुनेची बाजू घ्यायलासुद्धा या बाईला जोर येत नाही.

स्मितलनं खरंच गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली, आणि गाडी एका अंगावर लंगडायला लागली. उतरून बघितलं तर पुढचं डावं चाक बसलं होतं. कुठून तरी खिळा घेतला होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही, स्मितलच्या मोबाईलला रेंज नाही. ती चाकाकडं बघत उभी राहिली, आणि त्या क्षणी ती मला पहिल्यांदा लहान दिसली.

"बदलता येतं मला," ती म्हणाली. "क्लासमध्ये शिकवलं होतं. फक्त नट फार घट्ट असतात."

"नट तू बघ, मी चाक काढते," मी म्हणाले. पोती उचलणारी बाई मी, मला चाकाचं काय?

आत्ती करंजाच्या सावलीला जाऊन बसल्या. स्मितल पान्हा घेऊन पुढं गेली. मी डिकीतला आहेर, चटणीचा डबा, सगळं काढून गवतावर ठेवलं, गालिचा उचलला, बोल्ट फिरवला, आणि स्टेपनी उभी केली.

वास माझ्या तोंडावरच आला. मी पदर दातात धरला. खाली, चाकाच्या खोलगट जागेत, काळ्या फडक्याचं एक गाठोडं पडलं होतं. चाकाच्या वजनानं की खड्ड्यांनी, कशानं कोण जाणे, ते फुटून पत्र्याला चिकटलं होतं. मी काडीनं उचकटलं. अंड्याची टरफलं. पाणी सुटलेलं मीठ. मोहरी. आणि मिरच्या, अजून लालभडक. आमच्याच गिरणीतली संकेश्वरी, मी ती अंधारातसुद्धा ओळखीन.

दृष्टीचं होतं. यात समजायचं काय राहिलं होतं? नव्या वस्तूला कुणाची वाईट नजर लागू नये म्हणून बांधतात ते.

कुणाची नजर?

घरात बाप्ये सोडले तर बायका तीन. जिची गाडी तिची नव्हे. बांधणारीची नव्हे. मला पाडव्याचा दिवस आठवला. पाचवं चाक, पोरकं नको म्हणून धरलेला हट्ट, डिकीशी वाकलेल्या आत्ती. मी तिथं दोन हातांवर पेढे घेऊन उभी होते, आणि त्या माझ्याच डोळ्यांवर तोडगा बांधत होत्या. बाळूला चहाला हाक मारली ती का, तेही कळलं. मला वाटत होतं, माझं पोटातलं पोटात आहे. ते तर फडक्यात बांधून, गाडीत घालून गावभर फिरत होतं.

मी सावलीकडं बघितलं. आत्ती माझ्याकडंच बघत होत्या. नजर भिडली तशी त्यांनी पदर ओढला आणि शेताकडं तोंड केलं.

"अक्का, मिळालं का चाक?" पुढून स्मितलची हाक आली.

हातात काडी, काडीवर ते गाठोडं. नुसतं पुढं जाऊन तिला दाखवायचं होतं. बघ बाई, हा वास. माझा मसाला नव्हे, माझा घाम नव्हे. तुझ्या लाडक्या सासूचं अंडं. मी त्या पेपरवरून कायमची उठले असते. पण तिनं पुढचाच प्रश्न विचारला असता, आत्तींनी हे कुणासाठी बांधलं? आणि त्याचं उत्तर तिला माझ्या तोंडावर दिसलं असतं.

मी हात लांब करून ते गाठोडं रस्त्याकडेच्या ओढ्यात फेकलं.

"अक्का?"

"उंदीर!" मी ओरडले. "चाकाखाली उंदीर मेला हुता!"

"ई! अगं बाई गं!" ती पान्हा टाकून पळत आली. मी तोवर गाडीतल्या कॅनमधलं पाणी ओतून पत्रा धूत होते. तिनं नाक धरून बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. तिचं तोंड उतरलं. "अक्का, मी उगाचच तुमच्या मसाल्याला…"

"ऱ्हाऊ दे. नट सुटला का?"

"नाही."

मी गेले, पान्ह्यावर पाय देऊन उभी राहिले, नट सुटला. चाक बसलं. पंक्चरचं चाक धुळीनं माखलं होतं. स्मितलनं मागच्या सीटवरचा पेपर ओढला, डिकीत अंथरला आणि त्यावर ते ठेवलं. पुढारी शेवटी चाकाखाली गेला.

"पुढं बसा अक्का," ती म्हणाली.

"आत्ती?"

"मी मागं पडते वाईच," आत्ती म्हणाल्या, आणि माझ्याकडं न बघता मागं जाऊन बसल्या.

काचा खाली करून आम्ही गेलो. माहेरच्या अंगणात स्मितलनं गाडी एका दमात वळवून दाराला लावली. वत्सलावहिनी उंबऱ्यात उभी होती. मी दार उघडून उतरले, पदर झटकला. तिनं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत गाडीकडं. मला ती नजर ओळखीची वाटली. दिवाळीपासून माझ्या तोंडावर तीच तर होती.

"कुणाची म्हणायची गाडी?"

"जावंची. पगारातनं घेतली तिनं."

"बरं हाय बाई तुझं," वहिनी म्हणाली.

खोटं कशाला सांगू, गोड लागलं. पण जितकं लागायला हवं होतं तितकं नाही. ते गाठोडं मध्ये येत होतं. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले, सगळे हसले, मीही हसले. घुगऱ्या वाटल्या. जेवणं झाली. आत्ती घरामागच्या परड्यात हात धुवायला गेल्या, तशी मी तांब्या घेऊन मागं गेले.

"आत्ती, येकच सांगा," मी त्यांच्या हातावर पाणी ओतत म्हणाले. "माझी नजर येवढी वाईट हाय?"

"तुझी?"

"मग कुणाची? अंडं बांधलं न्हवं का तुमी."

त्यांचे हात पाण्याखाली तसेच थांबले.

"तुझा काय संबंद गं?" त्या म्हणाल्या. "ते मी माझ्यासाठनं बांधलं हुतं."

मला काही समजलं नाही. आत्ती दगडावर बसल्या. ओले हात मांडीवर पुसत राहिल्या.

"गाडी येनार, येनार म्हणून म्हयनाभर चाललं हुतं बग घरात. मला झोप न्हाई. मी लगीन होऊन आले तवा मिरचीच्या पाट्या डोस्क्यावर घिऊन संकेश्वरच्या बाजारला चालत जायची. तुझ्या सासऱ्याची बैलगाडी हुती. तिच्यात मिरचीचं पोतं बसायचं, मी न्हाई. मी मागनं चालायची. पोतं वल्लं झालं तर वरडायचे, मी वल्ली झाले तर कुणी बगत न्हवतं. आन् ही कालची पोर, सोताच्या पैशानं गाडी आनती, आन् बोटानं काच खाली करती. शालन, माझ्या पोटात आसं काय जळालं, मला माझीच भीती वाटली. म्हटलं, माझीच नजर लागायची आन् पोर कुटंतरी धडकायची."

"म्हणून बांधलं?"

"म्हणून बांधलं. सांजंला तिनं फिरवून आणलं तवा बरं झालं वाटलं, आदीच बांधलं ते."

"पण अंडं कशाला? नुसतं मीठमिरची बांधायची हुती."

"नुसत्या मीठमिरचीनं भागायचं न्हाई," आत्ती म्हणाल्या, "येवढं जळत हुतं."

मला हसू आलं. मग थांबेना. आत्ती आधी रागावल्या, मग त्यांचेही खांदे हलायला लागले. आतून स्मितलनं विचारलं, काय झालं, तर आम्ही दोघी एकदम म्हणालो, काही नाही.

"आन् वासाचं बोलणं मी खाल्लं त्ये?" मी डोळे पुसत विचारलं.

"सांगनार हुते गं. येकदा न्हाई, धा येळा तोंडावर आलं. पर काय सांगू? सासू सुनंवर जळती म्हणून?" त्या उठल्या. माझ्या खांद्याला धरून उठल्या, हे मला आठवतं. "तू उंदीर म्हणालीस. बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी गिरणीत गर्दी होती. दुपारी जरा सवड झाली तेव्हा आत्ती मागल्या दारानं आल्या. पदराखालून काळं फडकं काढलं, पोत्यावर पसरलं. त्यात मीठ आणि मोहरी होती.

"या बारीला अंडं न्हाई," त्या म्हणाल्या. "मिरच्या दे."

मी चांगल्या देठाच्या निवडून दिल्या. त्यांनी त्या फडक्यात मांडल्या, पण गाठ मारली नाही.

"आणिक दे."

"पुरंत की आत्ती. येवढ्या कशाला?"

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. मशीनवर नवरा कुणाचे तरी धणे टाकत होता. बाहेर बोळात स्मितलच्या गाडीचा हॉर्न वाजला, आणि कट्ट्यावरचे बाप्ये पाय आत घेताना आम्हाला दोघींनाही दिसले.

"ह्या माझ्यापुरत्या झाल्या," आत्ती म्हणाल्या, आणि फडकं तसंच उघडं धरून उभ्या राहिल्या.

मी पोत्यात हात घातला. मूठ भरून काढली आणि फडक्यात टाकली. मग अजून एक. आत्तींनी चारी टोकं ओढून बघितली, इकडून दाबलं, तिकडून दाबलं. गाठ काही बसेना.

"जा," त्या म्हणाल्या, "मोठं फडकं घिऊन ये."